पत्र्याखालची डिश

केसरीनाथ : सत्य कधी झाकून राहत नाही, निशा. आज ना उद्या ते उजेडात येतंच.

निशा : मग त्याच्यावर पत्रा कशाला टाकलाय तुम्ही?

केसरीनाथ : तो तात्पुरता आहे.

निशा : दिवाळीत टाकलात. आता तुळशीचं लग्नसुद्धा लागलं.

केसरीनाथ : तुझ्या भावाच्या पोरीची हळद एकदा पार पडू दे. मग पत्रा काढू, आणि बाळारामशेठना समोर बसवून स्पष्ट सांगू, की बाबा, आम्ही तुमची केबल सोडली, डिश घेतली. तत्त्वाचा प्रश्न आहे.

निशा : तत्त्वाचा होता, तर दादा मांडव ठरवायला अंबाडीला गेला तोच दिवस बघून माणसं का चढवलीत गच्चीवर?

केसरीनाथ : त्या दिवशी ती माणसं मोकळी होती.

निशा : आणि आता पत्र्याखाली डिशला काही दिसत नाही. म्हणजे नवा टीव्ही, नवा डबा, आणि बघतोय आपण दादाचीच केबल.

केसरीनाथ : हळू बोल. अगं, केबलला आता भविष्य नाही. रामनाथ स्वतः बोलला. धामणकर नाक्यावर टीव्ही-डिशचं एवढं मोठं दुकान टाकून बसलेला माणूस उगाच बोलेल? डिशच्या डब्यात रेकॉर्डिंग आहे. मॅच ऐन रंगात आलीय आणि राहनाळहून गोडाऊनच्या भाडेकरूचा फोन आला, की मॅच थांबवायची, बोलून घ्यायचं, पुन्हा तिथूनच चालू करायची.

निशा : भाडेकरूचा फोन तुम्ही मॅच नसतानाही उचलत नाही.

केसरीनाथ : आणि एचडी! तू दुकानात बघायला हवं होतंस. मासा असा पोहत होता, की खवला न् खवला दिसावा.

निशा : त्याला टीव्ही कशाला? मैना सकाळी पाटी घेऊन दारात येते. तिचा बघायचा.

केसरीनाथ : तो वेगळा मासा होता.

निशा : होता ना? बरं. गावातली प्रत्येक हळद दादा त्याच्या चॅनेलवर दाखवतो. भाविका तर त्याची स्वतःची पोरगी. आईंचे गुडघे हे असे, त्या मांडवात येणार नाहीत. त्यांना ती हळद तुमच्या डिशवर दिसणार आहे?

केसरीनाथ : डिशवर देशभरातलं दिसतं, निशा.

निशा : त्यात आपलं गाव नाही. आणि माझं काय? मी आत्या म्हणून पुढे हळद लावायला उभी राहणार, आणि मागे बायका कुजबुजणार, हिच्याच नवऱ्याने भावाची वायर कापली. दादा बोलायचा नाही माझ्याशी. माहेर तुटेल माझं, एका थाळीपायी.

केसरीनाथ : वायर कापलेली नाही. चालू आहे अजून.

निशा : थांबा. फाटक वाजलं. अहो, दादाच आहे!

बाळाराम : हायेत का दाजी घरात? हळदीचं बोलावणं घेऊन आलोय. पयलं देवाला ठेवलं, दुसरं तुमचं.

केसरीनाथ : या, या, बाळारामशेठ. टीव्ही बंद कर गं.

बाळाराम : बंद कशाला? बघू द्या की, माझी केबल तुमच्या नव्या टीव्हीवर कशी दिसते. आणि हा डबा कसला?

केसरीनाथ : स्टॅबिलायझर.

बाळाराम : लय चपटा हाय.

केसरीनाथ : आता असेच निघालेत.

बाळाराम : चित्र जरा थरथरतंय, दाजी. तुमच्या गच्चीवर आपला ॲम्प्लिफायर हाय ना, त्याची वायर सैल झाली असंल. बघून येतो.

केसरीनाथ : आत्ता कशाला? चहा टाकलाय.

बाळाराम : चा होईपर्यंत खाली.

केसरीनाथ : वर शेवाळ आहे. घसराल. पाण्याची टाकी गळते आमची.

बाळाराम : म्हणून तो पत्रा व्हय? रस्त्यावरनं दिसला मगाशी. गळत्या टाकीवर वरनं पत्रा टाकून काय व्हतंय, दाजी? थांबा, बघतोच.

निशा : गेला.

केसरीनाथ : वायर बघेल आणि येईल. पत्रा कशाला उचलेल?

निशा : दादा? लहानपणी लोकांच्या घरी गेला की आधी कालवणावरचं झाकण उचलून बघायचा.

केसरीनाथ : मग तू सांग, की रामनाथने आग्रह करून गळ्यात मारली.

निशा : आणि पत्रापण रामनाथनेच टाकला?

केसरीनाथ : श्शू. आवाज आला का कसला?

निशा : आला. पत्र्याचा.

(बाळाराम खाली येतो. दोन्ही तळव्यांना गंज लागलेला.)

बाळाराम : दाजी, पत्रा कुणी टाकला?

केसरीनाथ : मी.

बाळाराम : आणि खालची डिश?

केसरीनाथ : ती... तीसुद्धा मीच.

बाळाराम : आणि हा स्टॅबिलायझर?

केसरीनाथ : तो स्टॅबिलायझर नाही.

बाळाराम : निशा, बाय, पाणी दे जरा.

निशा : दादा, माझ्या गळ्याची शपथ, रागावू नकोस. आज संध्याकाळपर्यंत उतरवून टाकते ती. पण भाविकाच्या हळदीला मला...

बाळाराम : अगं, पाणी दे आधी. हां. सुटलो गं बाय! सुटलो!

केसरीनाथ : म्हणजे?

बाळाराम : मी लाइन विकली, दाजी.

केसरीनाथ : कसली लाइन?

बाळाराम : केबलची. गावातली सगळी. बोलावणं काय, घरातल्या बायकांनी पण आणलं असतं. मी मुद्दाम आलो, तुम्हाला सांगू म्हणून. पिंपळापाशी आलो आणि माघारी फिरलो, पुन्हा आलो. दाजींना तोंड कसं दाखवू? धंद्याची पयली छत्री, ती केबलची मोठी ॲन्टेना, तुमच्याच गच्चीवर उभी केली व्हती. तुम्ही सोता धरून बसला व्हता, वाऱ्यात. वाटलं, दाजी बोलतील, आमच्या जिवावर मोठा झाला आणि न इचारता विकून मोकळा झाला.

केसरीनाथ : छे! मी असं बोललो असतो?

निशा : बोलला असता.

बाळाराम : आणि तुम्हीच डिश घेऊन बसलाय! माझ्या छातीवरचा धोंडाच उतरला.

निशा : पण दादा, चांगली चालली होती. का विकलीस?

बाळाराम : चांगली? लाइन घेतल्यापासनं एका लग्नात बूड टेकून जेवलो न्हाय मी. पान वाढलं की फोन. गावात मयत झाली तरी लोकं अगोदर इचारतात, चॅनेल का गेला? आपला कुणाल झाला तेव्हा मी खांबावर व्हतो. खालनं कुणीतरी ओरडलं, मुलगा झाला, मी बोललो, चित्र आलं का? आता पोरीला हळद लागताना पण मी शिडीवर? न्हाय. त्या दिवशी फोन घरात, आणि मी मांडवात.

निशा : रडतोस काय, दादा?

बाळाराम : गंज गेला डोळ्यात.

केसरीनाथ : मला तर इतकं हलकं वाटतंय, बाळारामशेठ, काय सांगू! चला, तो पत्रा काढू आधी.

बाळाराम : काढूनच आलो. तुमच्या राहनाळच्या गोडाऊनवरनंच आणलाय ना? पुन्हा तिथंच टाका, तिकडं गळत असंल.

केसरीनाथ : निशा, लाव डिश. बघा आता.

बाळाराम : झकास! पण दाजी, राग मानू नका, माझ्या केबलवर बी असंच दिसत व्हतं.

केसरीनाथ : टीव्ही एचडी आहे. चॅनेल एचडी व्हायचे आहेत अजून.

निशा : आणि तो मासा?

केसरीनाथ : ती दुकानातली सीडी होती.

निशा : आणि आईंच्या मालिका? दिवाळीपासून रेकॉर्डिंगला लावल्या होत्यात ना?

केसरीनाथ : पत्र्याखाली काय रेकॉर्ड होणार?

बाळाराम : जाऊ द्या, दाजी. हळद चॅनेलवर लागणार म्हातारीसाठी. तेवढं नव्या मालकाकडनं कबूल करून घेतलंय.

केसरीनाथ : बरं केलंत. माणूस भला आहे ना? गावाची लाइन आहे म्हणून विचारतो.

बाळाराम : एकदम भला. पोटातलं ओठावर येत न्हाय त्याच्या. बोललो, दाजींना कळता कामा नये, तर कुण्णाला बोलला न्हाय. त्यानंच मला समजावलं. बोलला, केबलला आता भविष्य न्हाय, देऊन टाका मला.

निशा : भविष्य नाही, मग त्याने कशाला घेतली?

बाळाराम : ते मी इचारलं न्हाय.

केसरीनाथ : हे वाक्य मी कुठेतरी ऐकलंय. कोण हा माणूस?

बाळाराम : धामणकर नाक्यावरचा. आपला रामनाथ.

निशा : अगं बाई! अहो, मग आता काय करायचं? हळद बघायला आईंना केबल, मॅच बघायला तुम्हाला डिश. घरात ठेवायचं काय?

केसरीनाथ : काहीही ठेव. पैसे न्यायला रामनाथच येणार आहे.