उंदीर कुठं ठेवले होते?

तपासणीच्या खिडकीसमोरच्या रांगेत एक शिवणकाम करणारी बाई नवऱ्याच्या शौचाच्या नमुन्याची डबी घेऊन उभी होती. तिच्या पुढे बर्फाची पेटी धरलेली एक विद्यार्थिनी आणि तिचे सर हुज्जत घालत होते.

"औषध दिलेल्या उंदरांच्या रक्तात पोटातले जंतू बनवतात ते गुणकारी आम्ल दुप्पट आलंय. आणखी काय हवंय तुला?"

"औषधवाले सगळे एका पिंजऱ्यात होते, सर. बिनऔषधाचे दुसऱ्यात."

"मग?"

"उंदीर एकमेकांच्या लेंड्या खातात. एकाच्या पोटातले जंतू पिंजऱ्यातल्या सगळ्यांच्या पोटात जातात. मग हा फरक औषधाचा की पिंजऱ्याचा?"

"मशीन काय खोटं बोलतं?"

"मशीननं रक्तात काय आहे ते मोजलं. ते कशामुळे आलं, हे त्याला कुठून कळणार?"

"कोण विचारणार आहे हे?"

"मी विचारतेय."

"पुन्हा करायचं तर वर्ष जाईल. तुझी डिग्री लांबेल."

"लांबू दे. या वेळी प्रत्येक उंदराला वेगळा पिंजरा."

"आणि मी हे असंच छापलं तर?"

"माझं नाव काढा. मग भर सभेत पहिल्या रांगेत बसून मीच विचारीन, उंदीर कुठं ठेवले होते?"

"फार डोक्यावर चढलीयस."

"तुम्हीच चढवलंत."

सर तरातरा निघून गेले. मुलगी बर्फाची पेटी घेऊन बाजूला झाली.

"तुम्ही पुढे व्हा, मावशी."

खिडकीतल्या माणसानं हात पुढे केला.

"सरांच्या त्या नव्या औषधाच्या चाचणीसाठी ना? द्या इकडे. काळजी करू नका, उंदरांना छान गुण आलाय."

बाईनं डबी सोडली नाही.

"उंदीर कुठं ठेवले होते?"