ढब्बूच्या पोटावरच्या दहा गोचिड्या

हॅलो?… हं, बोल ताई. दवाखान्यातच आहे, आत्ता कुणी पेशंट नाही… अगं, रडतेस कशाला? सावकाश सांग.

किती? दहा?… उजवीकडे पाच, डावीकडे पाच. सगळ्या पोटावर, बाकी अंगावर एकही नाही. बरं…

काय? भाऊजी ढब्बूला, घरच्या कुत्र्याला, देऊन टाकणार? कुणाला?… मित्राला. तो गाडी घेऊन निघालासुद्धा?… हो, हो, बाळ रांगतंय, गोचिड्या त्याला चावतील, कळलं… अगं ऐक ना! त्या गोचिड्यांना पाय दिसतायत का?… जवळून बघ… नाहीत. आणि ओढल्या तर?… निघत नाहीत, ढब्बू केकाटतो. कशानं ओढताय?… चिमट्यानं?! ताई, भाऊजींच्या हातातला चिमटा काढून घे आधी!

घेतलास?… आता सांग, दोन सरळ ओळी, अगदी समोरासमोर?… ताई, त्या गोचिड्या नाहीत. ती त्याची स्तनाग्रं आहेत!

हॅलो?… अगं, हसणं थांबव, मलाही… नर असला म्हणून काय झालं? भाऊजींना नाहीत का?… स्पीकरवर आहे हे आधी सांगायचंस ना! सॉरी हं भाऊजी!

हो, मग खाजवतो कशानं, बरोबर विचारलंत. कुठे खाजवतो?… शेपटीच्या मुळाशी. केस गेलेत? गोल चकती पडलीय, कोंडा निघतोय?… नाही, नुसतं लाल. कानाला वास?… नाही. छान. ताई, पांढरा टिश्यू ओला कर आणि बारीक फणीनं त्यावर केस विंचर… भाऊजींची आहे? चालेल, ओरडू देत… काळे कण पडले? थांब जरा… कडेनं लाल होतायत? पिसवा! ती पिसवांची विष्ठा, ढब्बूचंच पचलेलं रक्त… ई काय, किती सुंदर पुरावा आहे!

भाऊजी, ऐका. पिसवा बाळालाही चावतात, खरंय. पण ढब्बू गेला तरी त्यांची अंडी तुमच्याच सोफ्यात राहणार. त्याची गादी गरम पाण्यात धुवा, सोफा, गालिचा रोज व्हॅक्यूम करा. मानेवर टाकायचं औषध मी संध्याकाळी आणते. ते वाळेपर्यंत बाळ लांब… तुमचा कोंड्याचा शाम्पू? अजिबात नको!

ताई, भाऊजी कुठे गेले?… मित्राला फोन करतायत? काय म्हणाले?… ‘परत फीर’? अगं, कानात किंचाळू नकोस!

हं, वजन सांग त्याचं, औषध त्यावर ठरतं… काट्यावर थांबत नाही? मग भाऊजींना त्याला कडेवर घेऊन उभं राहू दे… ब्याण्णव पॉइंट चार. आता एकटे भाऊजी… खाली ठेवत नाहीत? आपलं वजन पंचाहत्तर म्हणतायत?… मग ढब्बू सतराच्या वर जातो, छे! भाऊजी, एक मिनिट ठेवा त्याला, कुणी नेत नाही…

एक्क्याऐंशी पॉइंट दोन.

म्हणजे ढब्बू अकरा पॉइंट दोन किलो. ठेवते.