नावं गेलेल्या फाईली

नाही नाही, एनेइदामावशी, आधी तो बटणावरचा हात काढा. लाईट आत्ता आलीय. गल्लीभर ओरडले ना सगळे, आली, आली म्हणून? ऐकलं मी. पण क्युबात, त्यातही आपल्या कामाग्वेत लाईट आली म्हणजे आली असं थोडंच असतं — उंबऱ्यात डोकावते, परत फिरते, काहीतरी विसरल्यासारखी पुन्हा येते. दहा मिनिटं थांबायचं. कुणी थांबत नाही. पंखा, फ्रीज, पाण्याचा पंप, सगळं एकदम सुरू — आणि त्यात हा बिचारा कॉम्प्युटर. लिहिता लिहिता कुणी हाताखालचा कागद ओढला तर काय होईल? तेच डिस्कचं होतं. अर्धी ओळ इथं, अर्धी कुठंच नाही. बसा. त्या खुर्चीचा एक पाय डुगडुगतो, भिंतीला टेकवून बसा.

मग तुमच्या घरी काळ्या स्क्रीनवर पांढरी अक्षरं आली, बरोबर? लिनक्स तसं सभ्य आहे, विचारल्याशिवाय हात लावत नाही. इथं बिघडलंय, दुरुस्त करू? तिथं बिघडलंय, दुरुस्त करू? हो असेल तर वाय दाबा. आणि तुम्ही काय केलंत? — वाय दाबूनच धरलंत. किती वेळ? — एका हातानं वाय, दुसऱ्या हातात कॉफी, कॉफी संपेपर्यंत. वा. नाही, हसत नाहीये मी. सगळी गल्ली तेच करते. शेकडो प्रश्न, आणि दुपारी दोनला लाईट पुन्हा जाणार — एकेक वाचत कोण बसतं? सगळ्याला हो. लग्नात पाद्रीबाबांनी विचारलं तेव्हाही आपण काय वेगळं केलं?

आधी डिस्कची नक्कल काढायची असते, मावशी. जे करायचं ते नकलेवर. मूळ चीज तशीच ठेवायची. पण नक्कल ठेवायला दुसरी डिस्क लागते, आणि या शहरात जास्तीची डिस्क कुणाकडं असते? माझ्याकडंही आत्ता आत्ता आली.

घाबरू नका, तुमच्या मुलीच्या लग्नाचे फोटो गेले असं म्हणत नाही मी. असतील. फक्त त्यांची नावं गेली. ज्याचं घर सापडत नाही अशा प्रत्येक फाईलला हे यंत्र एका फोल्डरात नेऊन टाकतं — ‘हरवलं-सापडलं’ असंच नाव आहे त्याचं — आणि नावाच्या जागी नुसता आकडा. बाहेरून सगळ्या सारख्या. फोटो कुठला, पत्र कुठलं, वीजबिल कुठलं, काही कळत नाही. एकेक उघडून बघावी लागते. म्हणून आधीच विचारते — ही डिस्क तुमची, की रिगोबेर्तोकाकांची? दोघांची. हं. दोघांची म्हणजे कुणाची, ते मला विचारू नका.

ओस्निएलची अशीच गेली होती ना. आमच्या लग्नाला दोन महिने झाले होते. घरांचे नकाशे काढतो तो, सगळं त्या डिस्कवर. लाईट आली, यानं बटण दाबलं, लाईट गेली. मैते, निघेल तेवढं काढ, म्हणाला आणि कामावर गेला. मीही तेच केलं — मी, जी आज तुम्हाला शिकवत्येय — सगळ्याला वाय. चारशे बारा फाईली, चारशे बारा आकडे. बसले उघडत. नकाशे. सासूबाईंचा ओळखपत्राचा फोटो. केकवर सुरी धरलेली मी, डोळे मिटलेली. एकेकीला नाव देत गेले. आणि मग तो अर्ज. त्याच्या अमेरिकेतल्या, टॅम्पाच्या मामाकडं जायचा. तारीख लग्नानंतर अकरा दिवसांची. विवाहित की अविवाहित, या रकान्यात — अविवाहित.

नाही, तसं काही नसेल. एकट्याचं काम लवकर होतं म्हणतात. आधी तो जाईल, मग मला बोलावेल, असंच काहीतरी असेल. असतं ना तसं? तुम्ही अंगणात बघताय. बरंय.

अंगणातला तो रांजण दिसतोय? जो याचं पाणी प्याला तो कामाग्वे सोडत नाही, म्हणता ना तुम्ही लोक. मी पडले लांबच्या मोआची, मला काय माहीत. सासूबाईंनी लग्नाच्या दिवशी सगळ्यांसमोर मला तांब्याभर पाजलं. टाळ्या वाजवल्या सगळ्यांनी. मुलाला पाजायचं राहिलं. तो उकळलेलंच पितो, लहानपणापासून, पोट नाजूक म्हणून.

संध्याकाळी आला, म्हणाला, सगळ्या उघडून पाहिल्यास? मी म्हटलं, छे, नावं मशीनच देतं. त्याला पटलं. इमारतीचं वजन कुठल्या भिंतीवर येतं ते त्याला कळतं, यातलं काही कळत नाही. तीनशे अकरांना मी नावं दिली, शंभर फुटलेल्याच निघाल्या, त्या पुसल्या. आणि ती एक तशीच ठेवली. नुसता आकडा. म्हटलं, बोलेल कधीतरी. रोज बघायचे, आहे. दीड महिना होती, मावशी. भात वाढताना, कपडे वाळत घालताना, मनात तो आकडा. परवा बघितलं तर तेवढीच नाही.

सगळ्यांना नावं आणि तिलाच आकडा — म्हणजे त्याला कळलंय की मला कळलंय. परवापासून माझ्याशी फार गोड बोलतोय. काल पेरू आणले. मीही विचारत नाही. विचारलं तर तो खरं सांगेल, त्याची भीती.

तर सांगा — उघडू सगळ्या? काकांना माहीत आहे, तुम्ही हे घेऊन आलात ते? मावशी? डिस्कवरचा हात काढल्याशिवाय मी ती जोडू कशी?

ही सायकल वाजली. तो आला.

ये, शेगडीवर काळा घेवडा घातलेला भात आहे, झाकून ठेवलाय. या एनेइदामावशी, चौकापलीकडच्या. त्यांची डिस्क बिघडलीय. हो मावशी, निर्धास्त जा, सोमवारी या, फोटो तेवढे काढून ठेवते. बाकीचं कशाला बघू? मी काही उघडत नाही. नावं मशीनच देतं.