गाडीवरची पार्बता

— नाही वो मॅडम, पार्बता म्हनजे भाजी नाही! पावभर कशी देऊ तुमाले? हासू नका — थांबा, भोंग्याची तारच उपटतो पयले. हां, झाला बंद. पार्बता म्हनजे मी. पार्बताबाई. अन् आवाज आमच्या गीताच्या बाबाचा — ते पाहा, रस्त्याच्या पल्याड, च्याच्या टपरीवर, इकडं पाठ करून उभे हायेत. भोंग्यातून माहं नाव निघालं तसे कानापर्यंत लाल झाले अन् चालले गेले. रागावले असतीन का वो? का लाजले? पाठीवरून मले काही समजून नाही राहिलं.

आता झालं कसं — भातकुलीहून घरच्या वावरातली भाजी आनतो आमी, अन् राजापेठेत वरडून वरडून त्यायचा घसा बसे. तं गीतांजली, पोरगी माही, म्हने, आई, बाबाचा आवाज भरून घे अन् मांगं ढोलकी टाक. जुन्या लॅपटॉपवर गाने बनवाचं सॉफ्टवेअर टाकून देल्लं अन् गेली अकोल्याले कॉलेजात. मले जमते का? — जमते, कावून नाही जमत! उसवून पुन्हा इनता येते त्याले हेही येते. फक्त हेडफोन लावा लागते हे ठाऊक नोयतं; ठेक्यासाठी ते टिकटिक वाजवते ना, ते बी आवाजात भरलं. दिवसभर गाडी घड्यायावानी टिकटिक करत फिरली! मंग शिकलो — एका पट्टीवर ढोलकी, दुसरीवर त्यायचा आवाज, कैचीनं कापा, तिकडं जोडा, चुकलं तं उलटा बान दाबा, जसंच्या तसं. संसारात असा बान असता तं — जाऊ द्या.

पन कैची हाती आली का मानूस गुमान बसत नाही, मॅडम. आमच्यात नवरा बायकोचं नाव घेत नाही. लग्नात बायायनं लय आग्रह केला तं यायनं प्याले पानी मांगतलं! तवापासून मी नुसती 'अवं', नाही तं 'गीताची माय'. गिऱ्हाइकाले मातर — 'बेबीताई, या!', 'माणिकबाई, घ्या!' मले काही वाटत नाही त्याचं. — वाटते थोडं. तं म्या काय केलं, त्यायच्या आवाजातून पालकातला 'पा' कापला, बरबटीतला 'र्ब' काढला — लय बारीक काम, अख्खी दुपार गेली — अन् 'ताजी'तला 'ता' जोडला. वाजवलं. घरात कोनी नोयतं, अन् त्यायनं हाक मारली मले. पुन्हा वाजवलं. डोये भरले, खोटं कायले सांगू? ते फक्त माह्यासाठी होतं वो! पन सकायी घाईत पेनड्राइव्ह भरला, अन् तेवढी पट्टी बंद कराची राहून गेली. मेथी ताजी, पालक ताजा, पार्बता — साऱ्या राजापेठेत!

घ्या, बरबटी घ्या, दोन शेंगा वरून टाकतो, पन हे नावाचं तुमच्या क्लासात पोराईले सांगू नका. — काय म्हनता? मले कोन हाक मारते? 'पार्बता, च्या घेते का'? अवो, भोंगाच असन तो, दुसरं कोन —

तार तं माह्या हातात हाये, मॅडम.

सरका. सरका वो जराशा, दिसून नाही राहिलं मले.