शंभरातले शंभर प्रश्न सुटले

लबाडी हा शब्द तुमचा, माझा नाही — आणि पेपरात छापणार असाल तर आधी ऐकून घ्या, मग छापा. बसा. ती खुर्ची नको, तिच्यावर रीडिंगची वही वाळत ठेवलीय, सकाळी चहा सांडला — ही घ्या, हां. तर तुमचं म्हणणं काय? टोर्वा ही प्रोग्राम लिहायची भाषा गेल्या वर्षी यादीत सेहेचाळिसावी होती, यंदा एकतिसावी कशी झाली? झाली. कामाची भाषा आहे, चढली वर. नवीन भाषा चढतात तेव्हा जाता का तुम्ही कोणाच्या दारात? नाही ना? मग म्हातारी भाषा चार पायऱ्या चढली की लगेच हातात वही घेऊन — असू दे. मी मधूनमधून घड्याळ बघेन, राग मानू नका. पाच वाजता यादीवाल्यांची वर्षाची मोजणी बंद होते. आता चार वाजून दहा मिनिटं. पाचपर्यंत जो आकडा लागेल तो सोमवारी कमिटीपुढे जाईल, म्हणून.

कसली कमिटी काय, पाणीखात्याची! समोरचे सहा पडदे बघा. एकेक पडदा म्हणजे एकेक टाकी. कुठला पंप कधी सुरू, कुठला व्हॉल्व्ह किती उघडा, हे माणूस ठरवत नाही, प्रोग्राम ठरवतो, आणि तो टोर्वात लिहिलाय. आमच्या सरांनी लिहिला, सत्तावीस वर्षांपूर्वी. मी तेव्हा त्यांच्या हाताखाली नवीन लागले होते. सर गेले, प्रोग्राम राहिला. सत्तावीस वर्षांत किती वेळा बंद पडला? विचारा ना. दोनदा. एकदा पुरात आणि एकदा आत पाल शिरली म्हणून. तर कमिटीने नियम केलाय — जी भाषा यादीत सलग दोन वर्षं चाळिसाच्या खाली, ती कालबाह्य. मग सगळं उचकटायचं आणि दुसऱ्या भाषेत नव्याने लिहायचं. शेजारच्या शहरात लिहिलं तसं. अकरा दिवस काय झालं तिथे, तुमच्याच पेपरात आलं होतं — तिसऱ्या मजल्यावर थेंब नाही आणि खाली रस्त्यात पाइप फुटून कारंजी. आणि ते काम करणारे कोण, तर ज्यांनी जन्मात पंपाला हात लावलेला नाही! ते मी या खोलीत होऊ देऊ? का म्हणून? कोणीतरी कुठेतरी बसून यादी काढतं म्हणून?

बरं, ती यादी काढतात कशी, हे कधी छापलंत? लोक नेटवर काय शोधतात ते मोजतात, फोरमवर किती प्रश्न आले ते मोजतात. आता मला सांगा — नाही, मीच सांगते — माणूस प्रश्न कधी विचारतो? अडल्यावर. म्हणजे ज्या भाषेत जास्त माणसं अडतात ती जास्त लोकप्रिय! ज्या दवाखान्याबाहेर रांग मोठी, त्या गल्लीतली माणसं सगळ्यात धडधाकट, त्यातली गत. टोर्वावाले अडत नाहीत हो. एकदा लिहिलं की चालतं, मग कोण कशाला विचारतोय? चार वर्षांपूर्वी आमचा फोरम बघितला असतात तर — शेवटचा प्रश्न सात महिन्यांपूर्वीचा, त्याचं उत्तरही मीच दिलेलं. माझा मुलगा म्हणायचा, आई, तुझी भाषा बोलणारी माणसं दोनच, एक तू आणि एक सर, आणि सर तर गेले. हसायचा. तो हल्लीच्या चलतीच्या भाषेत काम करतो, त्याच्या फोरमवर मिनिटाला शंभर जण अडतात.

हा कागद कसला? द्या इकडे. वेळा आहेत होय — प्रश्न किती वाजता पडले त्या. सकाळी दहा ते संध्याकाळी साडेपाच. मग? कामाच्या वेळात कामाचे प्रश्न. रविवारी नाहीत, कारण रविवारी सुट्टी असते माणसांना. आणि हा गोल कशाला काढलाय? फेब्रुवारीतले आठ दिवस. एकही प्रश्न नाही. असतात असे दिवस, योगायोग, त्यात काय एवढं — काय म्हणालात? माझा हजेरीपट? तुम्ही माझा हजेरीपट काढलात? कोणी दिला? … आईचं ऑपरेशन होतं माझ्या. आठ दिवस रजेवर होते मी, तिच्या उशाशी बसले होते. तुम्ही ते गोल करून आणलंत.

बरं. ठीक आहे. असं बघू नका माझ्याकडे. मी. सगळे मीच. फोरमवरचे बाराही जण.

आधी एकच होता, नवशिका नावाचा. त्याने विचारलं, मी सांगितलं. मग नवशिक्याला सोबत हवी म्हणून दुसरा. मग वाटलं, सगळेच इतके गोड कसे बोलतात, एखादं तरी खवट माणूस हवं — तर आमच्या थोरल्या जाऊबाईंना घेतलं. त्यांना पत्ताच नाही, त्या कॉम्प्युटरला अजून टीव्ही म्हणतात, पण बोलणं अस्सल त्यांचं. ‘एवढं साधं कळत नाही तर लिहायला बसता कशाला?’ अहो, त्या एका वाक्यावरून माझे दुसरे तिघं त्यांच्याशी दोन दिवस भांडले! मी डबा खाताना एकटीच हसत होते. आणि धाकटे दीर. त्यांना आळशी उंट केलं. मिक्सर बिघडो, गाडी बिघडो, नवराबायकोचं बिनसो, भावजींचा उपाय एकच — बंद करा, जरा थांबा, परत चालू करा. घरात सगळे हसतात त्यांना. त्यांनाही आणून बसवलं. खरं सांगू? गजबज वाटायला लागली. सर गेल्यावर या खोलीत माझ्याशी टोर्वाबद्दल बोलणारं कोणी उरलं नव्हतं — हे लिहू नका. हे उगाच बोलले.

मग गेल्या वर्षी यादीवाल्यांनी नवीन खूळ काढलं. नुसते प्रश्न मोजायचे नाहीत, उत्तर किती लवकर मिळतं आणि किती प्रश्न सुटतात तेही मोजायचं. आता मी पंप बघू की बारा जणांची उत्तरं लिहीत बसू? म्हणून एक छोटा प्रोग्राम केला — टोर्वातच, चाळीस ओळींचा, सर असते तर पाठ थोपटली असती — तो बघा, टेबलाखाली जुना कॉम्प्युटर घरघरतोय ना, त्यावर चालतो. फोरमवर प्रश्न पडला की चार मिनिटांत आळशी उंट उत्तर देतो. ‘माझंही असंच झालं होतं. बंद करून परत चालू केलं, सुटलं.’ मग त्या प्रश्नावर ‘सुटला’ असा शिक्का, आणि वर कुलूप. कुलूप म्हणजे त्याच्या खाली पुढे कोणालाच, मलासुद्धा, काही लिहिता येत नाही; एकदा लागलं की ते निघत नाही. एकदम टापटीप. शंभरातले शंभर प्रश्न सुटलेले. त्याच जोरावर आलो एकतिसावर. आता यात कोणाचं काय गेलं? माझाच प्रश्न, माझंच उत्तर. त्यांना आकडा हवा होता, मी दिला. हे सगळं लिहा, खुशाल लिहा, खाली सही करून देते. फक्त त्या पुलाचं तेवढं नको. पुलाचं मला आधी स्वतःला —

कुठला पूल म्हणजे?

तुम्ही त्यासाठीच आलात ना? त्या पुलावाल्याने कुठेतरी कळवलं असेल, म्हणूनच तुम्ही — नाही? नुसतं एकतिसावी कशी झाली, एवढंच विचारायला आलात?

ती बाटली द्या जरा इकडे. … नाही, सांगते. आता तोंडातून गेलंच आहे. नऊ दिवस झाले. सकाळी येऊन फोरम उघडला तर तीन प्रश्न माझे नव्हते. आदल्या दुपारचे. तुम्हाला नाही कळायचं ते कसं असतं — रिकाम्या घरात आपण एकटेच बारा जणांचे आवाज काढत बसलोय आणि मागच्या खोलीत कोणीतरी खोकावं, तसं. खूप लांबचा माणूस. नदीवरचा उचलपूल चालवतो, बोट आली की पूल वर घ्यायचा, गेली की खाली. आणि तो पूल टोर्वावर चालतो. टोर्वावर! क्षणभर मला काय आनंद झाला म्हणून सांगू — पुढचं वाचेपर्यंत. त्याने विचारलं होतं, पूल खाली येताना मधेच अडकलाय, सेन्सर जागा दाखवत नाही, बंद करून परत चालू करणं सुरक्षित आहे का? नीट विचारलं होतं हो त्याने. सुरक्षित आहे का. आणि खाली चार मिनिटांनी आळशी उंट. शिक्का. कुलूप.

टोर्वात बंद करून परत चालू केलं ना, की यंत्र आपली जागा विसरतं. त्याला वाटतं आपण अजून पार वर आहोत, आणि ते पूर्ण वेगाने खाली येतं. म्हणून आधी हाताने खिट्टी घालायची, मग बंद करायचं. पहिल्या आठवड्यात सरांनी शिकवलं होतं मला. एका ओळीचं उत्तर होतं — आधी खिट्टी घाल, बाबा. मला येत होतं! ते येणारी मी एकटीच उरले असेन कदाचित, आणि त्या दुपारी मी याच खुर्चीत, याच फोरमवर बसले होते. काय करत होते माहितीये? जाऊबाई होऊन नवशिक्याशी भांडत होते, कुलूप लागलं की नवा प्रश्न टाकून. नवा प्रश्न पडलेला दिसलाही असेल मला. उंट बघेल म्हटलं असेन.

त्याने उंटाचं ऐकून तसंच केलं. खाली त्याचा जोडीदार सांध्याला ग्रीस लावत होता. घोट्यावर पूल आला, एवढंच लिहिलंय, पाय राहिला की गेला ते नाही. आणि लिहिणार कुठे, पहिल्या प्रश्नाला तर कुलूप — म्हणून नवीन प्रश्न टाकला. ‘तुम्ही म्हणालात तसं केलं, माझ्या जोडीदाराच्या घोट्यावर पूल आला, असं कसं सांगितलंत तुम्ही?’ त्याला चार मिनिटांनी उत्तर गेलं. माझंही असंच झालं होतं. बंद करून परत चालू केलं, सुटलं. शिक्का. मग त्याने तिसऱ्यांदा लिहिलं. तीनच शब्द. ‘इथे माणूस आहे?’

तेही सुटलं. चार मिनिटांत.

बाहेरच्यांचे प्रश्न सोडून दे, असं त्या प्रोग्रामला का सांगितलं नाही — हेच विचारणार ना? विचारा, मीही नऊ दिवस तेच विचारतेय. एक ओळ लागते. फक्त एक. लिहिली नाही. विसरले म्हणू? विसरले नाही. बाहेरचं कोणी येईल असं मी धरलंच नव्हतं. कमिटीपुढे उभी राहून घसा फोडला मी, टोर्वा जिवंत आहे, जगात लोक अजून वापरतात — आणि प्रोग्राम लिहायला बसले ती भाषा मेली असं समजूनच. यादीवाले निदान मोजून तरी म्हणत होते.

उत्तर? नाही दिलं. नाही दिलं म्हणजे नाही दिलं, कितीदा विचारणार? कोणाच्या नावाने देऊ? बारा जणांत माझं नाव कुठे आहे? माझ्या नावाने लिहायचं तर आळशी उंट म्हणजे कोण ते सांगायला हवं, आणि ते सांगितलं की यादीवाले वर्षभराचं सगळं खोडणार, आणि सोमवारी कमिटी या सहा पडद्यांवर फुली मारणार. म्हटलं, पाच वाजून जाऊ देत. मोजणी एकदाची संपू दे, मग लिहिते त्याला सविस्तर. नऊ दिवस रोज सकाळी म्हणतेय. तिकडे तो माणूस रोज फोरम उघडून बघत असेल. की नसेलही आता.

चार बत्तीस झाले.

काय लिहू पहिल्यांदा? माफ कर म्हणू? की मी माणूस आहे म्हणून सांगू? आधी पाय कसा आहे ते विचारायला हवं. पण विचारायचं म्हणजे नवा प्रश्न टाकावा लागणार, त्याच्या तिन्ही प्रश्नांना कुलपं आहेत — आणि मी टाकला की उंट येणार. पाय कसा आहे? बंद करून परत चालू केलं, सुटलं. … नाही, येते मला ती ओळ, आत्ता दोन मिनिटांत घालते, त्याला तेवढं वगळायचं आणि बाकीचं पाचपर्यंत तसंच चालू द्यायचं, कोणाला कळणारही — नको. नको. उठा तुम्ही. उठा म्हटलं ना, तुमच्या खुर्चीमागे तार आहे, राखाडी. हात लावू नका, मी ओढते.

गेली घरघर.

आता निघा. काय छापायचं ते छापा, सोमवारी मी तोंड देईन. अजून काही विचारायचं असेल तर नका विचारू. मला माझ्या नावाने लिहायचंय आणि समोर कोणी बसलं की मला ते जमायचं नाही. निघा म्हणतेय ना.