साखरेचा डबा

पंचवटीच्या बसथांब्यावर माझ्या मागे नाट्यस्पर्धेहून परतणारं साठीचं जोडपं उभं होतं. दोघांच्या मध्ये डब्यांची पिशवी.

“अहो, नाटकात तुमची बायको जाऊन दहा वर्षं झालीत. रोजचा चहा तुम्हीच करता. मग साखरेसाठी चार डबे का उघडलेत?”

“नेपथ्याला घरचे डबे तूच दिलेस ना!”

“दिले. आणि आपल्या फळीवर असतात तसेच मांडले.”

“पण परीक्षक किती हेलावले! म्हणाले, एकट्या माणसाचं गोंधळणं काय हुबेहूब दाखवलंत!”

“आणि मी पहिल्या रांगेत बसलेली, धडधाकट!”

“बरं बाई, आज घरी चहा मी करतो.”

“करा. मी नाहीच असं समजून करा.”

“मग नको. इथेच टपरीवर पिऊ, दोघं.”