गॅस संपत नाही

ऋत्विक : हेल्मेट कुठे ठेवलंस गो? उशीर होतोय.

तेजस्वी : कुठे जातोयस ते सांग आधी.

ऋत्विक : गणपतीपुळ्याला. सानिकाच्या लॉजवरचा एसी थंड करत नाहीये. गॅस भरून येतो.

तेजस्वी : परत? आणि गॅस भरायला इस्त्रीचा शर्ट?

ऋत्विक : सीझन आहे, एसी दिवसभर चालू असतो. गॅस संपतो.

तेजस्वी : परवाच शिकवणीत मुलांना हे शिकवलंय मी. तो काय पेट्रोल आहे संपायला? खोलीतली उष्णता घेतो, त्याची वाफ होते. बाहेरच्या युनिटात उष्णता टाकतो, परत द्रव होतो, परत आत येतो. वर्षानुवर्षं तोच गॅस फिरतो. कमी झाला म्हणजे गळतोय.

ऋत्विक : समोर समुद्र आहे. खारा वारा नळ्या खातो.

तेजस्वी : मग भोक बुजव. हरिहरकाकांच्या एसीचं एका फेरीत बुजवलंस. सानिकाकडे वेल्डिंगचा सेट कधी नेलास? खाटेखाली धूळ खात पडला होता.

ऋत्विक : तुला नेमकं काय विचारायचंय?

तेजस्वी : तिचं स्थळ तुला आलं होतं.

ऋत्विक : पत्रिका जुळली नाही. मग तुला हो म्हटलं ना मी?

तेजस्वी : पत्रिकेनं म्हटलं. तू कुणालाच काही म्हटलं नव्हतंस.

ऋत्विक : चहा देते ती. एसी सुरू झाला की खाली उभी राहते, वाऱ्यात हात धरते, हसते. बरं वाटतं. त्यापलीकडे काही नाही, आईशप्पथ.

तेजस्वी : आपल्या खोलीत पंखा आहे. मी कुठे हात धरू?

ऋत्विक : तेजू...

तेजस्वी : भोक कुठे आहे, माहितीये तुला?

ऋत्विक : बाहेरच्या युनिटपाशी, नळीच्या जोडाला. साबणाचं पाणी लावलं की फेस येतो.

तेजस्वी : कधीपासून माहितीये?

ऋत्विक : पहिल्या खेपेपासून.

तेजस्वी : आणि तसंच ठेवलंस.

ऋत्विक : हो.

(तो खिळ्यावरचा कामाचा जुना शर्ट काढतो.)

ऋत्विक : तूपण चल.

तेजस्वी : मी कशाला? चहाला?

ऋत्विक : मी जोड मारतो. फेस येतोय का ते तू बघ. खाटेखालचा सेट काढ जरा.

तेजस्वी : पुसून दारात ठेवलाय मघाशीच.